संगीत नाटकात गायक नट म्हणून कारकीर्द सोलापुरात राहून करता येईल का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : वय 24, गायनात विशारद, बँकेत नोकरी, घर सोलापुरात, अशा स्थितीत संगीत नाटकात गायक नट म्हणून कारकीर्द होऊ शकते का, आणि त्यासाठी नोकरी सोडावी का? सोलापूरच्या हौशी रंगभूमीवर मी बरीच वर्षे संगीत नाटकांतून भूमिका करीत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की कारकीर्द जरूर होऊ शकते, परंतु केवळ तिच्यावर घर चालवणे आज फारच थोड्यांना साधते. म्हणून नोकरी सोडू नये.

याचे कारण या रंगभूमीच्या व्यवस्थेत आहे. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि त्यानंतरची चार-पाच दशके संगीत नट हा नाटक मंडळीचा पगारी माणूस असे. 1905 मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत गेले, तेव्हा राहणे, जेवण, तालीम आणि गाण्याची तयारी हे सारे मंडळीच्या बिऱ्हाडातच होत असे. बोलपट आल्यावर ही बिऱ्हाडे मोडली. आता नटाला प्रयोगामागे ‘नाईट’, म्हणजे त्या एका प्रयोगाचे मानधन, मिळते, आणि संगीत नाटकाला नटांखेरीज ऑर्गन व तबल्याच्या साथीदारांचाही खर्च असल्यामुळे प्रयोग लावताना निर्माता दहादा विचार करतो. ज्यांचे चालते, त्यांचे नाट्यसंगीताच्या मैफली, गायनाच्या शिकवण्या आणि आकाशवाणीचे कार्यक्रम यांच्या जोडीने चालते.

आता तयारीविषयी, कारण माझ्या मते आपल्यापुढचा खरा प्रश्न तोच आहे. विशारद झालेली मंडळी पदे, म्हणजे नाटकातली गाणी, उत्तम बसवतात, पण गद्याकडे, म्हणजे संवादांकडे, दुर्लक्ष करतात, आणि प्रयोग पडतो तो बहुतेक वेळा तिथेच. पदाआधीचे वाक्य ज्या स्वरात संपते, तिथूनच पद उगवल्यासारखे वाटले पाहिजे. जाणकार ऑर्गनवादक आपल्या शेवटच्या वाक्याखाली हलकेच षड्ज, म्हणजे गायकाचा मूळ ‘सा’, धरतो. तो कानांत घेऊन, समोरच्या पात्रावरची नजर न काढता, श्वास भरल्याचे प्रेक्षकांना कळू न देता मुखडा, म्हणजे पदाची पहिली ओळ, उचलायचा असतो. बैठकीची सवय असलेला गायक इथे क्षणभर थांबतो, खाकरतो, प्रेक्षकांकडे तोंड करतो आणि सुभद्रा किंवा अर्जुन तिथेच नाहीसा होतो. म्हणून निदान वर्षभर रोज उतारे मोठ्याने वाचावेत आणि शब्दाचा शेवटचा वर्ण मागच्या रांगेपर्यंत पोहोचतो की नाही, हे दुसऱ्या कोणाला तरी तिथे बसवून तपासावे. कॉलर माइकमुळे आवाज मोठा होतो, उच्चार स्वच्छ होत नाहीत.

दुसरी अडचण पट्टीची, म्हणजे गायक ज्या उंचीवर आपला ‘सा’ धरतो तिची. स्त्रीभूमिका पुरुषच करीत त्या काळी ही अडचण एवढी जाणवत नसावी. आज नायिका काळी चार किंवा पाचमध्ये (पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून पडलेली ही नावे) गाते, नायक काळी एक किंवा दोनमध्ये गातो, आणि एकाच प्रवेशात दोघांची पदे लागोपाठ आली की प्रत्येकाला आपला षड्ज नव्याने शोधावा लागतो. हा सराव एकट्याने तंबोऱ्यावर बसून होत नाही; त्यासाठी सहकलाकार आणि साथीदार यांच्यासह तालीमच हवी. वन्समोअरबद्दलही एक सांगतो. तो मिळाला तर पद पुन्हा अवश्य म्हणावे, पण ताना वाढवून नव्हे, तर त्याच भावात. प्रसंग थंड पडला की पुढच्या नटाची मेहनत वाया जाते, आणि तो अन्याय आहे असे मी मानतो.

पुण्यापासून सोलापूर लांब पडते ही आपली भीती अर्धी खरी आहे. पुण्यातील तालमी बहुधा संध्याकाळी, लोक कचेऱ्यांतून सुटल्यावर असतात, आणि सोलापूर-पुणे मार्गावरची हुतात्मा एक्स्प्रेस परतीला पुण्याहून नेमकी संध्याकाळीच सुटते. त्यामुळे नोकरी सांभाळून रोज जाऊन-येऊन तालीम करणे अशक्य आहे. परंतु सुट्टीच्या दिवशीच्या प्रयोगांत बदली कलाकार म्हणून उभे राहता येते आणि पुष्कळांचा प्रवेश तसाच होतो. त्यासाठी निदान दोन-तीन नाटकांतील एकेक भूमिका गद्यासह तोंडपाठ असावी. गायिका-अभिनेत्री फैयाज याच सोलापूरच्या. ‘कट्यार काळजात घुसली’मधील झरीना त्यांनी केली आणि पुढे 2015 मध्ये बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षपदापर्यंत त्या पोहोचल्या. या गावातून वाट निघते याचा याहून मोठा दाखला मी देऊ शकत नाही. मात्र त्यांना गाव सोडून मुंबईला जावे लागले, हेही लक्षात ठेवावे.

सुरुवात राज्य नाट्य स्पर्धेपासून करावी. तिच्यात संगीत नाटकांचा स्वतंत्र विभाग आहे. परीक्षक आणि जाणते प्रेक्षक तिथे नवा आवाज हेरतात. गावातल्या एखाद्या हौशी संस्थेच्या तालमीला जाऊन बसावे आणि नाटकाच्या आरंभी गायल्या जाणाऱ्या नांदीच्या समूहात उभे राहण्याचीही तयारी दाखवावी. नाटक निवडण्याची मुभा मिळाली तर पहिल्या खेपेस ‘कट्यार’ नको. तिथे आपली तुलना वसंतराव देशपांड्यांच्या खाँसाहेबांशी होईल. किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ घ्यावे, कारण त्यात गद्य खेळकर आहे, पदे बहुतेक आटोपशीर आहेत आणि लहान भूमिकांनाही गाणे आहे. आपला आवाज कोणत्या पट्टीत खुलतो ते कळवलेत, तर त्यातील कोणती भूमिका आपल्याला पेलेल हे मी अधिक नेमके सांगू शकेन.