इंदूर: पेट्रोल हॅचबॅक पिकअप घेत नाही, काय तपासू?

मानपूरच्या घाटात गाडी ओढत नाही म्हणताय, तर आधी मोकळ्या सपाट रस्त्यावर बघा. चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० ला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) झपकन चढला पण वेग वाढला नाही, तर क्लच स्लिप होतोय, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचत नाही. इंजिनावर पैसे घालू नका.

आरपीएम आणि वेग दोन्ही रडतखडत चढत असतील तर एअर फिल्टर काढून उजेडाकडे धरा. घड्यांतून उजेड दिसत नसेल तर बदलाच, आपल्याकडच्या उन्हाळी धुळीत तो लवकर तुंबतो. मग थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) आणि स्पार्क प्लग तपासा. चेक इंजिनचा दिवा लागलेला असेल तर मात्र स्कॅनर लावून बिघाडाचा कोड बघितल्याशिवाय मेकॅनिकला एकही पार्ट बदलू देऊ नका.

चालवून आल्यावर एकच चाक जास्त तापत असेल, तर तिथला ब्रेक चिकटून गाडी अडवतोय.