कूलर बसवताय? आधी हे बघा

भाऊ, विदर्भातला पहिलाच उन्हाळा आहे, तर कूलर एप्रिलची वाट न बघता मार्चमध्येच तयार करा.

कूलर खिडकीबाहेर बसवा, मागच्या तिन्ही बाजूंना मोकळी हवा हवी. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. बंद खोलीत दमट हवा कोंडते, अंग चिकट होतं आणि लोक उगाच कूलरला नावं ठेवतात.

कूलरच्या ताट्यांमध्ये, म्हणजे बाजूच्या जाळीदार चौकटींमध्ये, गवत सारखं पसरा. ते खाली बसून वर फट राहिली की तिथून कोरडी, गरम हवाच आत येते. फार ठासलं तर हवाच ओढली जात नाही. नवं गवत रात्रभर भिजवून पहिलं पिवळं पाणी फेकून द्या, नाहीतर वास जात नाही.

आधी पंप, दहा मिनिटांनी पंखा. बोअरच्या पाण्याचा क्षार गवतावर पाणी सोडणाऱ्या वरच्या नळीची भोकं बुजवतो. दर पंधरा दिवसांनी खराट्याच्या काडीने मोकळी करा. टाकीत पाणी संपल्यावर पंप चालू राहिला तर जळतो, म्हणून झोपण्याआधी टाकी भरा. आठवड्यातून एकदा ती पूर्ण रिकामी करून घासा, डेंग्यूचे डास साचलेल्या पाण्यातच वाढतात.

सगळ्यात महत्त्वाचं, पत्र्याच्या कूलरला अर्थिंग हवंच. नुसतं बटण बंद करून भागत नाही, पाणी भरताना प्लगच काढा. लेकरांना तर जवळ जाऊच देऊ नका.

मृग लागून हवा दमट झाली की पंप बंद, नुसता पंखा चालवा.