आईच्या रिपोर्टमध्ये ‘हर-टू २+’ आले आहे. यावरून ती किती वर्षे जगेल हे सांगता येते का?

आईच्या स्तनाच्या कर्करोगाच्या बायॉप्सीत ईआर ८/८, पीआर ४/८, हर-टू २+ आणि केआय-६७ २२ टक्के आल्याचे तुम्ही लिहिले आहे. मी ठाण्यात पॅथॉलॉजिस्ट आहे आणि अशा स्लाइड रोज पाहते. ईआर व पीआर ही हार्मोन पकडणारी, हर-टू हे पेशीला वाढीचा संदेश देणारे आणि केआय-६७ हे विभाजन पावणाऱ्या पेशींत दिसणारे प्रथिन. या प्रथिनांवरून मुख्यतः कोणते औषध लागू पडेल हे ठरते. पुढचा अंदाज बांधताना गाठीचा आकार, ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात) आणि काखेतील किती ग्रंथींपर्यंत आजार पोहोचला आहे, हेही तितकेच पाहावे लागते.

ईआर पॉझिटिव्ह असल्यास मायक्रोस्कोपखाली पेशींची केंद्रके तपकिरी दिसतात. किती पेशी रंगल्या याचे पाचपर्यंत आणि रंग किती गडद याचे तीनपर्यंत गुण धरून बेरीज करतात, म्हणजे आईला पैकीच्या पैकी मिळाले आहेत. ‘पॉझिटिव्ह’ शब्द वाचून रडवेले झालेले नातेवाईक मला नेहमी भेटतात, पण इथे तो शब्द दिलासा देणारा आहे, कारण अशा रुग्णांत टॅमॉक्सिफेन ही हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी पाच वर्षे घेतल्याने या आजाराने मृत्यू होण्याचा धोका सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतो. मात्र हा आजार दहा-पंधरा वर्षांनीही उलटू शकतो, म्हणून बरे वाटते आहे म्हणून गोळी मनाने बंद करू देऊ नका.

हर-टू २+ हा निकाल अर्धवट आहे. ३+ असते तर प्रत्येक पेशीभोवती तारेच्या जाळीसारखे गडद, अखंड कडे दिसले असते. २+ मध्ये ते फिकट असते आणि नजरेने निर्णय देता येत नाही. म्हणून बायॉप्सीचा तुकडा बसवलेल्या त्याच मेणाच्या ब्लॉकवर जनुकाची ‘फिश’ तपासणी करावी लागते. १९९८ साली अमेरिकेत हर-टूला रोखणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला मान्यता मिळण्यापूर्वी हर-टू पॉझिटिव्ह गाठ म्हणजे वाईट बातमीच समजली जाई. त्या औषधाने चित्र पालटले, त्यामुळे ही तपासणी टाळू नका.

केआय-६७ च्या २२ टक्क्यांवर झोप उडवून घेऊ नका. पाचपर्यंत किंवा तिसाच्या वर असेल तर आकडा भरवशाचा. मधल्या पट्ट्यात एकच स्लाइड मोजणाऱ्या दोघांचे आकडे सहज वेगळे येतात.

नमुना कसा हाताळला जातो यावरही बरेच अवलंबून असते. गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडच्या कोंडीतून आमच्याकडे आलेला एक तुकडा नमुना टिकवणाऱ्या फॉर्मलिनऐवजी सलाइनमध्ये होता. त्यावर ईआर निगेटिव्ह आले आणि शस्त्रक्रियेनंतरच्या गाठीवर ठळक पॉझिटिव्ह. दुसरे मत हवे असल्यास परळच्या टाटा रुग्णालयातही बाहेरचे ब्लॉक आणि स्लाइड तपासतात. लॅबकडे ब्लॉकसाठी लेखी अर्ज द्या, त्यावरील क्रमांक रिपोर्टशी जुळवून घ्या आणि डबी उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, कारण मेण मऊ पडते.