वाचकांचे प्रश्न : मध्यम शक्तीच्या रॉकेटची जोडणी आणि रंगकाम

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनला राहतो. लहान मोटरींची (म्हणजे रॉकेटात भरायच्या इंधनाच्या नळकांड्यांची) चार-पाच रॉकेटे उडवून झाल्यावर मी आणि माझ्या चौदा वर्षांच्या मुलीने मध्यम शक्तीच्या रॉकेटचा पहिला संच बांधला. त्यात ६६ मिलिमीटर व्यासाची कागदी नळी, नळीच्या चिरांतून आत जाणारे प्लायवूडचे तीन पंख, २९ मिलिमीटरची मोटरनळी आणि प्लास्टिकचा नोज कोन (टोकाचा शंकू) होता. रॉकेट छान उडाले, परंतु खाली उतरताना एका पंखावर आपटले आणि तो पंख मुळापासून हलू लागला. शिवाय रंगाखालून नळीवरच्या वेटोळ्या रेघा आणि पंखांवरचे लाकडाचे दाणे स्पष्ट दिसतात आणि एका बाजूला तर रंगाला सुरकुत्या पडल्या आहेत. तसाच दुसरा संच आणून ठेवला आहे. या वेळी कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : आपण दुसरा संच उघडण्याआधी विचारले हे फार चांगले झाले, कारण आपल्या तिन्ही तक्रारींचे मूळ कामाच्या क्रमात आहे. मध्यम शक्तीच्या रॉकेटमध्ये जे जोड सर्वाधिक भार सोसतात, ते नळी बंद झाल्यावर पुन्हा कधीही हाताला लागत नाहीत, म्हणून प्रत्येक भाग चिकटवण्यापूर्वी ‘यानंतर कोणत्या जागी माझे बोट पोहोचणार नाही’ हा प्रश्न स्वतःला विचारावा आणि त्या जागेचे काम आधी उरकावे.

लहान रॉकेटांचा अनुभव येथे थोडा फसवतो. मोटरीच्या नावातील अक्षर एकेक पायरी पुढे गेले की एकूण आवेगाची (सरासरी रेटा गुणिले जळण्याचा वेळ) वरची मर्यादा दुप्पट होते. सी वर्गाची मोटर जास्तीत जास्त १० न्यूटन-सेकंद आवेग देते, तर मध्यम शक्तीत सहसा धरल्या जाणाऱ्या ई, एफ आणि जी या वर्गांच्या मर्यादा अनुक्रमे ४०, ८० आणि १६० न्यूटन-सेकंद आहेत. सी मोटरीच्या रॉकेटवर पंख नळीच्या पृष्ठभागावर नुसता चिकटवला तरी चालून जाते. येथे मात्र पंखाची जीभ चिरेतून आत जाऊन थेट मोटरनळीला भिडते, आणि तिला तेथे तीन ठिकाणी आधार मिळायला हवा : मोटरनळीशी, बाहेरच्या नळीच्या आतल्या अंगाशी आणि बाहेरच्या नळीच्या बाहेरच्या अंगाशी. आपला पंख हलू लागला याचा अर्थ, बहुधा, तिसरा आधार होता आणि पहिले दोन नव्हते.

मागची सेंटरिंग रिंग (मोटरनळीला मुख्य नळीच्या मधोमध धरणारी कडी) सुरुवातीलाच चिकटवून टाकली की असे होते. पुढची आणि (असल्यास) मधली रिंग मोटरनळीवर पक्की करावी, मागची मात्र केवळ सरळपणा राखण्यासाठी न चिकटवता बसवावी आणि तिला चिकटपट्टीचे एक छोटे शेपूट लावून ठेवावे, म्हणजे नंतर ती ओढून काढता येते. मग मोटरनळी मुख्य नळीत सरकवावी, पंख बसवावेत, आणि ते धरल्यावर मागची रिंग काढून, रॉकेट आडवे धरून, प्रत्येक पंखाच्या मुळाशी आतून एपॉक्सीची (दोन घटक मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या गोंदाची) गोलाई भरावी. या गोलाईला फिलेट म्हणतात. लांब काडीच्या टोकाने एपॉक्सी आत पोहोचते. एका वेळी दोन पंखांमधली एकच दरी भरावी, ती घट्ट झाल्यावर रॉकेट फिरवावे. घाईने तिन्ही दऱ्या एकदम भरल्या तर एपॉक्सी ओघळून एकाच बाजूला साचते. हे सारे झाल्यावर मागची रिंग कायमची चिकटवावी.

गोंद कोणता, हाही प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. कागद आणि लाकूड यांच्या जोडाला सुताराचा पिवळा गोंद उत्तम, कारण तो तंतूंत शिरतो आणि नीट सुकलेला जोड तोडू पाहिल्यास आधी कागद फाटतो. मात्र नळीत नळी किंवा रिंग सरकवताना तो फार लवकर धरतो. माझ्या पहिल्या मोठ्या रॉकेटमध्ये मोटरनळी जागेपासून चार सेंटिमीटर अलीकडे अशी अडकली की ती पुढे सरकेना आणि मागेही येईना. पंखांच्या चिरा रिंगेने झाकल्या गेल्या आणि ती नळी मला टाकून द्यावी लागली. तेव्हापासून सरकवण्याच्या जोडासाठी मी सावकाश धरणारे, म्हणजे अर्ध्या तासाचे, एपॉक्सी वापरतो. पाच मिनिटांचे एपॉक्सी सोयीचे वाटते, पण मिश्रण करून नळीत शिरेपर्यंत त्याचा अर्धा वेळ संपलेला असतो. मोटरीला निसटू न देणारी धातूची मोटर-कडी मोटरनळीच्या शेवटाला बसवताना उष्णता सोसणारे एपॉक्सी घ्यावे आणि तिच्या आट्यांत थेंबही जाऊ देऊ नये.

मोटरनळी आत जाण्यापूर्वीच शॉक कॉर्डचा (नोज कोन आणि पॅराशूट रॉकेटला बांधून ठेवणाऱ्या दोरीचा) आतला दोर पुढच्या रिंगेजवळ मोटरनळीला बांधून गाठीवर एपॉक्सी लावावे. रेल बटणांचे (रॉकेटला उड्डाणाच्या उभ्या रुळात, म्हणजे रेलमध्ये, धरणाऱ्या बटणांचे) स्क्रू ज्या लाकडात बसणार त्या जागाही आधीच नळीवर खुणावाव्यात, कारण नळी बंद झाल्यावर रिंग नेमकी कोठे आहे हे बाहेरून कळत नाही. या खुणांसाठी लांब सरळ रेघ हवी असेल तर अॅल्युमिनियमची कोनपट्टी नळीला टेकवावी किंवा नळी दाराच्या चौकटीला टेकवावी. गोल नळीवर साध्या पट्टीने सरळ रेघ येत नाही.

पंखांविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. लाकडाचे दाणे पंख बसवल्यानंतर बुजवणे म्हणजे अडचणीच्या जागी बोटे सोलून घेणे होय. पंख सुटे असतानाच त्यांच्या पुढच्या कडा गोल कराव्यात, मागच्या कडा निमुळत्या कराव्यात आणि तिन्ही पंख एकत्र धरून कडा सारख्या झाल्या आहेत की नाहीत हे पाहावे. त्यानंतर लाकडाची पुट्टी पाण्यात सायीइतकी पातळ करून ब्रशने दोन्ही बाजूंना लावावी, पूर्ण सुकू द्यावी आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरने जवळजवळ सगळी घासून काढावी. पुट्टी फक्त दाण्यांच्या खोबणीत उरली पाहिजे. दोनदा केल्यास पंख काचेसारखा गुळगुळीत होतो. जीभ आणि मुळाची कड मात्र कोरडी, कच्ची ठेवावी, कारण तेथे गोंद मुरायचा आहे.

नळीवरच्या वेटोळ्या रेघा कागदाच्या पट्ट्या गुंडाळताना राहिलेल्या सांध्यांच्या असतात. तीच पातळ पुट्टी बोटाने या खोबणीत भरावी आणि सुकल्यावर ४०० नंबरच्या पेपरने घासावी. गॅरेजमध्ये गाडीला लांबी भरतात तशीच ही पद्धत आहे, फरक इतकाच की येथे खाली पत्रा नसून कागद आहे. जोराने घासल्यास नळीचा वरचा चकचकीत थर जाऊन कागदाचे तंतू उभे राहतात आणि रंगाखाली लोकरीसारखे दिसतात. तसे झालेच तर त्या जागी पातळ सायनोॲक्रिलेट (झटपट चिकटणारा) गोंद मुरवून, तो कडक झाल्यावर हलक्या हाताने घासावे. उलट, जेथे पंखाची बाहेरची फिलेट येणार तेथे तो चकचकीत थर मुद्दाम खरवडावा, नाहीतर फिलेट कागदाला न धरता वरच्या पापुद्र्याला धरून राहते. फिलेटच्या दोन्ही कडांना मास्किंग टेप लावून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेले, हातमोजा घातलेले बोट एकदाच सलग फिरवावे आणि एपॉक्सी घट्ट होण्यापूर्वी टेप काढावी.

आता सुरकुत्यांकडे येऊ. एनॅमल स्प्रेच्या डब्यावर बहुधा दोन वेळा लिहिलेल्या असतात : अमुक वेळेच्या आत पुढचा हात द्या, नाहीतर अमुक वेळेनंतर द्या. या दोहोंच्या मधल्या काळात आधीचा थर वरून सुकलेला आणि आतून ओला असतो. त्यावर नवा रंग पडला की त्यातले द्रावक आत शिरून थर फुगवते आणि तो चुण्या पडून उठतो. एनॅमलवर लॅकर मारल्यासही हेच होते. म्हणून प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर शक्यतो एकाच जातीचे घ्यावेत आणि डब्यावरच्या वेळा शब्दशः पाळाव्यात. आपल्या पहिल्या रॉकेटवरील सुरकुत्या आठवडाभर वाळू देऊन घासून काढल्या आणि पुन्हा प्रायमर दिला तर ते रॉकेट निश्चितच सुधारेल. ह्यूस्टनची दमट हवाही येथे आड येते. मुंबईतल्या जुलैसारखा दिवस असेल त्या दिवशी फवारू नये, कारण सुकणाऱ्या थरावर ओलावा बसून रंग पांढुरका पडतो. सकाळचे दव ओसरलेली, कोरडी वेळ निवडावी.

जाड थर देणारा प्रायमर दोनदा द्यावा आणि पहिला हात बराचसा घासून काढावा. उरलेले दोष त्या घासण्यात दिसतात. पिवळ्या, तांबड्या किंवा नारिंगी रंगाखाली पांढरा हात हवाच. दुसऱ्या रंगासाठी टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी खालच्याच रंगाचा हलका फवारा मारावा, म्हणजे कडेखाली जे काही शिरायचे ते त्याच रंगाचे शिरते आणि नव्या रंगाची रेघ धारदार येते. प्लास्टिकचा नोज कोन रंगापूर्वी साबणाने धुवावा, त्याचा सांधा घासावा, मात्र नळीत शिरणाऱ्या खांद्याला रंग लागू देऊ नये. कोन नळीत इतपतच घट्ट असावा की कोनाला धरून रॉकेट उचलले तर ते खाली पडू नये आणि हलका झटका दिल्यास सुटावे. रंगाने तो आवळला गेला तर पॅराशूट बाहेर पडणार नाही, आणि त्यापुढे सुंदर रंगाचा काहीच उपयोग नाही.

शेवटी वजन. पुट्टी, एपॉक्सी आणि रंग यांचे बरेचसे वजन मागच्या भागात जाते आणि त्यामुळे गुरुत्वमध्य मागे सरकतो. रॉकेट स्थिर राहण्यासाठी गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या (हवेचा एकूण जोर ज्या बिंदूवर लागतो असे धरतात त्याच्या) पुढे निदान एक व्यास, म्हणजे आपल्या रॉकेटमध्ये निदान ६६ मिलिमीटर, असावा. दाबकेंद्र काढण्याची जी रीत हौशी लोक आजही वापरतात ती जेम्स आणि ज्युडिथ बॅरोमन यांनी १९६६ साली मांडली. संचाच्या पुस्तिकेत दाबकेंद्राची जागा दिलेली असल्यास ती नळीवर पेन्सिलीने खुणावावी आणि रंगकाम संपल्यावर, पॅराशूट आणि सर्वांत जड मोटर आत घालून, रॉकेट दोरीच्या फासात तोलून पाहावे. अंतर कमी भरले तर नोज कोनात वजन घालावे.

प्रश्न : त्याच रॉकेटसाठी पहिली मोटर कशी निवडावी आणि किती दूर उभे राहावे?

उत्तर : तयार रॉकेट मोटरीसह तोलावे. समजा ते ८०० ग्रॅम भरले, तर त्याचा भार सुमारे ७.८ न्यूटन झाला. सुरुवातीचा रेटा याच्या निदान पाचपट, म्हणजे सुमारे ४० न्यूटन, असावा, नाहीतर रॉकेट रेल सोडताना इतके मंद असते की पंखांना हवा धरता येत नाही. मोटरीच्या नावातील अक्षरापुढचा आकडा सरासरी रेटा न्यूटनमध्ये दाखवतो आणि आडव्या रेघेनंतरचा आकडा जळण संपल्यापासून पॅराशूट फेकेपर्यंतचे सेकंद. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री या अमेरिकी संस्थेच्या सुरक्षा नियमांनुसार डी वर्गापेक्षा मोठ्या मोटरीला निदान ३० फूट अंतर ठेवावे, रेल उभ्या रेषेपासून ३० अंशांपेक्षा जास्त कलवू नये, जी वर्गापर्यंत मैदानाची लहान बाजू १,००० फूट असावी आणि मोटर पेटली नाही तर प्रक्षेपकाची सुरक्षा-किल्ली काढून ६० सेकंद कोणीही जवळ जाऊ नये. किल्ली मुलीच्या खिशात द्यावी, म्हणजे ती खिशात असेतो रेलजवळ निर्धास्त काम करता येते.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेहून पुण्याला येताना असा संच आणणार आहे. मोटरीही आणता येतील का?

उत्तर : नळी, पंख, नोज कोन आणि पॅराशूट आणता येतील. मोटरी मात्र विमानात हातातल्या किंवा तपासणीच्या, कोणत्याही सामानात चालत नाहीत, त्यामुळे भाच्याला मोटरी आणायला सांगू नये. घरी मोटर तयार करण्याचा विचार तर मुळीच करू नये, कारण त्यात हात, डोळे आणि घर, तिन्ही धोक्यात येतात, आणि परवान्याविना स्फोटके तयार करणे हा भारतात गुन्हा आहे. संच बांधून, रंगवून, तोलून ठेवण्यात पुष्कळ शिकण्यासारखे आहे. गुरुत्वमध्यापाशी दोरी बांधून मोकळ्या मैदानात रॉकेट डोक्याभोवती गोल फिरवून पाहावे. नोज कोन पुढे ठेवून ते फिरत राहिले तर स्थिरतेची परीक्षा मोटरीशिवायही झाली. या परीक्षेसाठी मोटरीच्या जागी भरलेल्या मोटरीइतक्याच वजनाची लाकडी दांडी घालायला विसरू नये.