आईला दम लागतो, तो वयामुळेच का?

प्रश्न : डॉक्टर, माझी आई 61 वर्षांची आहे, पाटण तालुक्यात गावाकडे असते. आयुष्यात कधी बिडीला हात लावला नाही पण लग्न झाल्यापासून चुलीवर स्वयंपाक केलाय, गॅस आहे तरी भाकरी आणि अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच. दोन-तीन वर्षं झाली चढावर दम लागतो, सकाळी खोकला आणि कफ असतो, आता तर नळावरून हंडा आणताना मध्येच टेकते. डॉक्टरांनी कॅप्सूल टाकून ओढायचा पंप दिलाय, पण मावशी म्हणते पंपाची सवय लागते, म्हणून ती दम लागला तरच घेते. वय झालंय म्हणून सोडून द्यायचं का?

उत्तर : ताई, अजिबात सोडून देऊ नका. वयाने माणूस थोडा हळू होतो हे खरंय, पण टेकावं लागतंय म्हणजे त्यामागे काहीतरी कारण आहे आणि ते शोधायलाच हवं. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला पहिला संशय येतो तो सीओपीडीचा, म्हणजे फुप्फुसांच्या आणि श्वासनळ्यांच्या जुनाट आजाराचा. हा फक्त सिगारेटवाल्यांचा आजार असं लोकांना वाटतं, पण आपल्याकडे वर्षानुवर्षं लाकूड आणि गोवऱ्यांचा धूर घेतलेल्या कितीतरी बायकांना तो होतो आणि कुणी तपासतच नाही कारण 'ती कुठे बिडी पिते'. श्वासनळ्या आतून सुजतात, अरुंद होतात, घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही, आणि छातीत जुनी हवा अडकून बसली की नवीन घ्यायला जागाच उरत नाही, म्हणून दम लागतो.

पण अंदाजावर औषध चालू ठेवू नका, स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, करून घ्या. नळीत जोरात फुंकायचं असतं, सुई नाही की दुखणं नाही, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते कळतं. सोबत छातीचा एक्स-रे, हिमोग्लोबिन आणि ईसीजी. खोकला-कफ दोन आठवड्यांच्या वर आहे म्हणून टीबीसाठी थुंकीची तपासणीही करा, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. आणि आईला एवढं नक्की विचारा, रात्री आडवं झालं की दम वाढतो का, उठून बसावं लागतं का, संध्याकाळी पाय सुजतात का. तसं असेल तर हृदयही नीट बघावं लागेल, इकोसकट, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसकट.

आता पंपाचं. मावशींना सांगा, पंपाचं व्यसन लागत नाही, आजार लांबचा म्हणून औषध लांबचं, बीपीच्या गोळीसारखंच. रोजचा पंप आणि दम लागल्यावरचा पंप वेगवेगळे असू शकतात, आईचा कोणता ते डॉक्टरांना विचारून घ्या, रोजचा असेल तर बरं वाटलं तरी बंद करायचा नाही. आणि ती घेते कसा ते स्वतः बसून बघा, कारण ती कॅप्सूल पाण्यासोबत गिळणारे पेशंटही असतात! कॅप्सूल टाकून पंप फिरवला की आधी श्वास पंपाच्या बाहेर सोडायचा, मग ओठ घट्ट लावून जोरात, खोल ओढायचं, आत कॅप्सूल खुळखुळल्याचा आवाज आला पाहिजे, मग दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरायचा, जमेल तेवढा. पावडर उरली असेल तर परत ओढायचं. स्टेरॉइडचा असेल तर नंतर गुळण्या, नाहीतर तोंडात बुरशी येते.

दम लागला की बायका घाबरून भराभरा श्वास घेतात आणि तो आणखी वाढतो. तेव्हा थांबायचं, पुढे वाकून हात मांडीवर किंवा ओट्यावर टेकायचे, नाकाने दोन आकडे श्वास घ्यायचा आणि शिट्टी वाजवताना करतो तसा ओठांचा चंबू करून चार आकडे हळूहळू सोडायचा. हंडा उचलताना श्वास रोखायचा नाही, उचलताना सोडायचा. आणि दम लागतो म्हणून चालणं बंद करू नका, पाय कमजोर झाले की तेवढ्याच कामाला जास्त दम लागतो. रोज सपाट रस्त्यावर, थांबत थांबत का होईना, चालायला हवं.

भाकरी गॅसवर करा हे मी सांगणारच, चव बदलते म्हणून कुरकुर होईल, होऊ दे. पाणी तापवायचंच असेल तर चूल घराबाहेर आणि दुसऱ्या कुणीतरी पेटवायची. दरवर्षी फ्लूची लस, न्यूमोनियाच्या लसीबद्दलही विचारा.

बसल्या जागी दम, एक वाक्य सलग बोलता न येणं, ओठ निळसर, छातीत दुखणं, गुंगी, यातलं काहीही दिसलं तर उजाडायची वाट बघू नका, लगेच 108.

प्रश्न : वय 34. ऑक्सिमीटरवर 97 येतं पण दुसऱ्या मजल्यावर जाताना धाप लागते. आकडा नॉर्मल आहे म्हणजे मनाचे खेळ आहेत असं घरचे म्हणतात.

उत्तर : तो आकडा फक्त रक्तातल्या हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन किती भरलाय ते सांगतो, हिमोग्लोबिन मुळात आहे किती ते नाही सांगत. ते 7 असलं तरी मशीन 97 दाखवेल. बाईचं 12 च्या खाली आणि पुरुषाचं 13 च्या खाली म्हणजे कमीच, त्यामुळे आधी सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन कळणारी रक्ताची साधी तपासणी, करा, सोबत थायरॉइड. पाळीत जास्त रक्त जात असेल तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. टेन्शननेही धाप लागते, पण हे सगळं तपासल्याशिवाय तो शिक्का कुणालाही मारू देऊ नका.