तिहुआनाला पहिल्यांदा जाताना

सॅन डिएगो
रविवार, रात्री

बाळ,
अनेक आशीर्वाद.

आपल्या संस्थेतर्फे तू जिच्या शिक्षणाचा खर्च उचलतेस, त्या मुलीला भेटायला सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात चल म्हटलं, तर दुपारी फोनवर तू विचारलंस, "मावशी, पैसे तर महिन्याच्या महिन्याला जातातच, मग प्रत्यक्ष जायचं कशाला?" तेव्हा कुकर लावलेला होता आणि मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. ते मनाला लागून राहिलं, म्हणून आता लिहायला बसले आहे.

आधी माझ्या वडिलांचं सांगते. नाना पुण्यात शिकायला होते तेव्हा वार लावून जेवायचे. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरं, असे आठवड्याचे सहा वार लागले होते. सातव्या दिवशी चुरमुरे. सगळी घरं चांगली होती, पोटभर वाढायची. पण म्हातारपणी नाना बोलायचे ते गुरुवारच्या घराबद्दल. तिथल्या आजी वाढता वाढता विचारायच्या, "भूमिती कुठवर आली रे?" आजींना भूमितीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण गुरुवारी सांगायला काहीतरी हवं म्हणून नाना बुधवारी रात्री कंदिलापाशी बसून एखादं प्रमेय पक्कं करायचे. दुसऱ्या एका घरी पाहुणे आले की नानांचं पान आतल्या पंगतीतून उठून पडवीत जायचं. त्या घराने त्यांना कधी उपाशी ठेवलं नाही, वाकडा शब्दही बोलले नाहीत. तरी ती पडवी नानांना साठ वर्षांनंतरही आठवायची.

मी तिहुआनाला चौदा वर्षं जाते आहे. सीमेचं फिरतं दार ढकलताना दर वेळी नानांची भूमितीही आठवते आणि ती पडवीही.

तू 'स्पॉन्सर' हा शब्द वापरतेस. तिकडे गेलीस की तुला 'माद्रीना' म्हणतील. बाप्तिस्म्याला मुलाला हातात धरणारे धर्मपिता म्हणजे पाद्रीनो आणि धर्ममाता म्हणजे माद्रीना, पण मेक्सिकोत हे नातं चर्चच्या बाहेर फार दूरवर पसरलेलं आहे. मुलगी पंधरा वर्षांची झाली की किन्सेआन्येराचा मोठा सोहळा होतो, आणि एका घराला तो खर्च झेपत नाही म्हणून एकजण केकचा पाद्रीनो होतो, कोणी अंगठीची माद्रीना, कोणी कपड्यांची. शाळेच्या पदवीदान समारंभालाही पाद्रीनो असतो, मुलासोबत उभा राहतो, फोटोत असतो. तेव्हा कुणीतरी आपल्या लेकराचा खर्च उचलतो आहे, यात त्या लोकांना नवल वाटत नाही आणि लाजही वाटत नाही. त्यांच्याकडे त्यासाठी नाव आहे आणि रीत आहे. त्या रीतीत पाद्रीनोने पैसे देऊन मोकळं व्हायचं नसतं, त्याने यायचं असतं. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. तू गेली नाहीस तर पैसे पोचतील, पण माद्रीना आलीच नाही असं त्या घरात म्हटलं जाईल.

आता तिथलं थोडं. आपण जातो त्या कोलोनिया, म्हणजे वस्त्या, शहराच्या पूर्वेकडच्या टेकड्यांवर आहेत. मातीने भरलेले जुने टायर एकावर एक रचून उताराला आधार दिलेला दिसेल. काही घरांच्या भिंती म्हणजे सॅन डिएगोतल्या बंगल्यांनी काढून टाकलेली गॅरेजची लाकडी दारं आहेत. नळ पोचले नाहीत तिथे पाण्याचा टँकर येतो, त्याला 'पीपा' म्हणतात. पावसाची एक मोठी सर आली की चिखल उतरतो, रस्ते बंद होतात, शाळांना सुट्टी देतात. बहुतेक कुटुंबं ओआहाका, मिचोआकान, सिनालोआ, चियापास अशा लांबच्या राज्यांतून आलेली. काही आज्या घरात मिक्सतेक ही आदिवासी भाषा बोलतात. पलीकडून परत पाठवलेल्या आईबापांबरोबर आलेली काही मुलं अशी आहेत की ज्यांचा जन्म अमेरिकेत झाला. ती इंग्रजी तुझ्यासारखी बोलतात आणि स्पॅनिश वाचताना अडखळतात. त्यांच्याशी इंग्रजीत गप्पा माराव्याशा वाटतील. थोड्या मार, पण सगळ्या भावंडांसमोर नको. ज्या भाषेसाठी शाळेत त्यांची चेष्टा होते, तिच्यावरून घरात त्यांचं कौतुक झालं की मुलाची पंचाईत होते.

शाळा सरकारी आणि फुकट आहे. सहा वर्षं प्रिमारिया, तीन वर्षं सेकुंदारिया, तीन वर्षं प्रेपा. प्रिमारियाची पुस्तकं सरकार १९६० पासून फुकट छापून देतं. सेकुंदारिया १९९३ साली सक्तीची झाली आणि प्रेपा २०१२ साली. कागदावर बारावीपर्यंतची वाट मोकळी आहे. पण गणवेश, बूट, वह्यांची लांबलचक यादी, पालक संघाची 'ऐच्छिक' वर्गणी (ती ऐच्छिक किती असते ते कुठल्याही आईला विचार), आणि सगळ्यात चिवट खर्च म्हणजे बसभाडं. तिकडच्या मिनीबसला 'कालाफिया' म्हणतात. प्रिमारिया टेकडीवरच असते, सेकुंदारिया चालत गाठता येते, पण प्रेपा बहुधा दोन कालाफिया बदलून.

हे मला एका मुलामुळे कळलं. हुशार होता, गणितात नेहमी नऊ-दहा. तिकडे दहापैकी गुण असतात आणि सहाला पास. त्याच्या प्रेपाच्या प्रवेशाचा खर्च आम्ही केला, पुस्तकं घेतली आणि निर्धास्त झालो. नोव्हेंबरात गेले तर तो घरी नव्हता. आई म्हणाली, कामाला जातो, रात्रपाळीला. रोजच्या चार कालाफियांचे पैसे निघत नव्हते आणि ते मागायची त्याला लाज वाटली, कारण "माद्रीनाने आधीच इतकं केलं आहे." मी ऑगस्टमध्ये भेटले होते, तासभर बसले होते, आणि तू शाळेत कसा जातोस हा एक प्रश्न मला सुचला नव्हता. दुसऱ्या वर्षी तो पुन्हा प्रेपाला बसला, पण वर्ष गेलं ते गेलंच.

पंधरावं वर्ष हीच खरी कसोटीची जागा आहे. सेकुंदारिया संपते तेव्हा मूल पंधराचं असतं आणि मेक्सिकोत आईबापांच्या परवानगीने पंधरापासून कायद्याने कामाला लागता येतं. दाराशी माकिला, म्हणजे जोडणीचा कारखाना, उभी आहे. १९६५ साली सरकारने सीमेवर कारखानदारी आणायचं ठरवलं तेव्हापासून हे कारखाने वाढत गेले. अमेरिकेत विकले जाणारे टीव्ही आणि हॉस्पिटलांत लागणारी उपकरणं इथे जोडली जातात. आई बहुतेक तिथेच असते, मोठी बहीण तिथेच. २०२५ साली सीमाभागातलं किमान वेतन दिवसाला साधारण ४२० पेसो होतं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात तासाला साडेसोळा डॉलर होते. दिवसभराचे ते ४२० पेसो म्हणजे आपल्याकडच्या दीड तासाचीही मजुरी नाही. तरी चार माणसांच्या घरात तो दुसरा पगार आला की आईचा जीव भांड्यात पडतो. तेव्हा "मुलीला कामाला पाठवू नका" असं आईला सांगायला जाऊ नकोस. ती मुलीची वैरीण नाही. तिच्याशी हिशेबाचं बोल. प्रवेश परीक्षेच्या अर्जाला किती लागतात, भाडं किती, शाळेची कुठली पाळी मिळेल, सकाळची की दुपारची, संध्याकाळी अंधारात टेकडी चढायला कोण सोबत आहे. मुली प्रेपा सोडतात त्यात या शेवटच्या प्रश्नाचा वाटा मोठा असतो, आणि तो कुठल्याही अर्जाच्या रकान्यात येत नाही. तो चुलीपाशी बसल्यावरच निघतो. तुझ्या प्रश्नाचं उरलेलं निम्मं उत्तर हे आहे.

तुझ्या वाट्याला आलेली मुलगी सेकुंदारियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणून मी तुला याच वर्षी चल म्हणते आहे.

तिला प्रगतिपुस्तक मागू नकोस. त्याला 'बोलेता' म्हणतात. माझ्या पहिल्या वर्षी मी एका मुलीची बोलेता तिच्या आईसमोर हातात घेऊन वाचली. गणितात सहा. मी हसून "पुढच्या वेळी आठ" म्हणाले. पुढच्या भेटीला ती मावशीकडे गेली असं सांगण्यात आलं, त्याच्या पुढच्यालाही. तिसऱ्या वर्षी मी तिच्या धाकट्या भावाबरोबर अंगणात कागदाची विमानं करत बसले तेव्हा ती आपणहून बाहेर आली. गुण संस्थेकडे येतात, ते तिथे वाच. घरी गेल्यावर विज्ञानात सध्या काय चाललंय ते विचार, आणि ती सांगेल ते नीट ऐक, म्हणजे पुढच्या वेळी तिथूनच पुढे विचारता येईल. स्पॅनिश मोडकंतोडकं असलं तरी चालेल. उलट ती तुझ्या चुका सुधारेल आणि तेवढा वेळ ती मास्तरीण होईल. तसं झालेलं मला फार आवडतं.

आभाराचं पत्र वाचून दाखवायला लावतात कधीकधी. मुलगी उभी राहते, पाठ केलेलं म्हणते. तू ते हसतमुखाने घे आणि लगेच दुसरा विषय काढ. फोटो काढायचा तर आधी तिला विचार, मग आईला, आणि तो तुझ्या फोनमध्येच राहू दे. तिचा चेहरा, तिचं दार, तिची गरिबी आपल्या ओळखीपाळखीच्या लोकांना दाखवायला तिने दिलेली नाही.

वस्तू नेऊ नकोस. मोह होतो, मला माहीत आहे. तिच्यासाठी टॅबलेट नेलास तर तिच्या तीन भावंडांनी आणि शेजारच्या दारात उभ्या असलेल्या मुलांनी काय करायचं? काही न्यायचंच तर सगळ्यांना वाटून खाता येईल असं ने. दोन वर्षांपूर्वी मी बेसनाचे लाडू नेले होते. तिथल्या एका आजींनी चव घेतली आणि मासापान म्हणून शेंगदाण्याची वडी असते ती आणून माझ्या हातावर ठेवली. त्यानंतरचा अर्धा तास दोघी खुणांनी रेसिपी सांगत होतो.

तू शाकाहारी आहेस, तर ते तिथल्या आमच्या समन्वयक बाईंना आजच कळवते. घेवड्याच्या उसळीसारखे दिसणारे फ्रिहोलेस बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परतलेले असतात आणि लाल भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. आधी सांगितलं तर आई आनंदाने निवडुंगाच्या पानांची भाजी करते, नोपालेस, आणि गरम तोर्तिया. ताट समोर आल्यावर "यात काय आहे?" विचारलंस तर तिचा चेहरा पडेल. पाण्याबद्दलही तेच. घरचे लोक स्वतःच विकतच्या मोठ्या बाटलीतलं पितात, तेच तुला देतील, निःशंक पी.

आणि एक गोष्ट, जी मला दर वेळी जड जाते. निघताना आई म्हणेल, "आकी तिएने सू कासा." म्हणजे, हे तुमचं घर आहे, या. ती मनापासून म्हणते. आपल्या तोंडात लगेच येतं, "तुम्हीही या आमच्याकडे." ते म्हणू नकोस. आकाश स्वच्छ असलं तर त्या टेकड्यांच्या माथ्यावरून सॅन डिएगोच्या उंच इमारती दिसतात. तू पासपोर्ट दाखवून काही तासांत तिथे पोचशील. ती व्हिसाशिवाय येऊ शकत नाही, आणि बहुतेकांना तो मिळत नाही. तिकडे अमेरिकेला 'एल ओत्रो लादो' म्हणतात, पलीकडची बाजू. मुलगी पलीकडचं विचारेल, तुझी खोली कशी, कॉलेज कसं. खरं तेच सांग. पण "तू पण येशील बघ" हे शब्द आपल्या हातातले नाहीत. तिच्या हातात असलेल्या गोष्टींबद्दल बोल. बाहा कॅलिफोर्नियाचं स्वायत्त विद्यापीठ १९५७ पासून आहे, तिहुआनातच त्याची मोठी शाखा आहे, तिथलं तंत्रनिकेतनही जुनं आणि चांगलं आहे. आपल्या संस्थेच्या मुलांपैकी एकजण विद्यापीठातून नर्स झाली, आज शहरातच काम करते. तिच्याशी गाठ घालून देईन, तुझ्या मुलीला तिचं बोलणं माझ्या-तुझ्या बोलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

तुझ्या पासपोर्टमधला अमेरिकन व्हिसाचा शिक्का चालू आहे ना, ते उद्याच बघ. संपला असेल किंवा ग्रीन कार्डाचा अर्ज मध्ये अडकला असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय सीमा ओलांडायची नाही, आपण पुढच्या महिन्यात जाऊ. परतताना पायी रांगेत किती वेळ जाईल सांगता येत नाही, म्हणून संध्याकाळचं काही ठरवू नकोस. फळं परत आणू नकोस, तिकडे दिली तरी तिकडेच खाऊन टाक.

निघताना मुलगी विचारेल, "पुन्हा कधी?" सगळी मुलं विचारतात. "लवकरच" म्हणू नकोस. जुलैत तिची सेकुंदारिया संपते, कदाचित ती तुला समारंभाची माद्रीना होशील का, असं विचारेल. ऑफिसमधून रजा मिळते का ते या आठवड्यात विचारून ठेव. मिळत असेल तर तिला तारीख सांग. मिळत नसेल तर तसं सांग आणि सप्टेंबरमधला एक शनिवार नक्की करून सांग.

शनिवारी सकाळी साडेसहाला सॅन इसीद्रोला, निळ्या ट्रॉलीच्या शेवटच्या स्टेशनवर मी उभी असेन. गेल्या दोन दिवसांत पाऊस झालाय, चिखलात चालतील असे बूट घाल.

तुझी,
मावशी