बायबलमधल्या पौल या प्रेषिताचे प्रवास वाचताना मला नुसती गावांची यादी दिसते. त्यातून विश्वासाला धीर कसा मिळतो?

खरं सांगू? मलाही कित्येक वर्षं यादीच दिसायची. शब्बाथशाळेत आमच्याकडून नकाशावर तीन फेऱ्या काढून घ्यायचे. पहिली लाल, दुसरी निळी, तिसरी हिरवी. पाच मार्कांचा प्रश्न. विषय संपला.

पुन्हा वाचायला घेतलं ते चाळिशीत, आणि तेही लाजेपोटी. एका खेड्यातल्या छोट्या मंडळीत (चर्चमध्ये) मदत करायचं कबूल करून आठ महिन्यांत मी गाशा गुंडाळला होता. दर रविवारी दोन एसट्या बदलायच्या, समोर सात-आठ माणसं, त्यातली निम्मी पेंगणारी. एका रविवारी गेलो नाही, मग गेलोच नाही.

त्या दिवसांत नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा १३वा अध्याय उघडला. साधारण इ.स. ४६-४८ मधला पहिला प्रवास. पौल, बर्णबा आणि हाताखाली तरुण योहान मार्क. कुप्र (आजचं सायप्रस) बेट ओलांडून पिर्ग्याला पोहोचतात आणि मार्क यरुशलेमला परत जातो. का, ते पुस्तकाचा लेखक लूक लिहीत नाही. अर्धं वाक्य, बस्स. मी तिथेच अडकलो. हा तर मीच!

मग लुस्त्र. एक लंगडा माणूस चालू लागतो, तर लोक बर्णबाला ज्यूस आणि पौलाला हर्मीस हे ग्रीक देव ठरवून बैल आणि हार घेऊन येतात. यांनी कपडे फाडून, ओरडून कसंबसं थांबवलं. पण बाहेरगावची माणसं येऊन कान भरतात आणि त्याच गावात पौलाला दगडमार होते. मेला समजून वेशीबाहेर ओढून टाकतात. शिष्य भोवती जमतात, तो उठतो आणि पुन्हा गावात जातो. दुसऱ्या दिवशी दर्बेची वाट.

इथे नकाशा जरूर उघडा. दर्बेहून पुढे पूर्वेला डोंगर उतरलं की पौलाचं स्वतःचं गाव तार्स. अंगावरच्या जखमा घेऊन कुणीही घरी गेलं असतं. हे दोघं मात्र उलटे फिरले: लुस्त्र, इकुन्य, पिसिदियातलं अंत्युखिया, जिथून हाकललं तीच गावं. कशासाठी? तिथल्या नव्या विश्वासणाऱ्यांना धीर द्यायला आणि मंडळ्यांना वडील, म्हणजे सांभाळणारे पुढारी, नेमून द्यायला. पौलाचा तरुण सोबती तीमथ्यही पुढे भेटतो तो ह्याच लुस्त्रात. यादीतलं एकच नाव दुसऱ्यांदा आलं की थांबायचं, हे मी तिथून शिकलो.

आता मार्कचं पुढे काय झालं? दुसऱ्या फेरीला बर्णबा म्हणतो, त्याला घेऊ. तो त्याचा नात्यातला, हेही खरं. पौल म्हणतो, अर्ध्यावर सोडून गेलेला नको. दोघांचं इतकं बिनसतं की वाटाच वेगळ्या होतात. बर्णबा मार्कला घेऊन कुप्राला, पौल सीलाला घेऊन सूरियाकडे. लूकने हे भांडण झाकलं नाही, म्हणून मला त्याच्या बाकीच्या लिखाणावरही भरवसा वाटतो. आणि माझ्या मते इथे चूक पौलाची होती. (आमच्या पाळकसाहेबांना हे पटत नाही.)

मला माझा बर्णबा मिळाला तो एका म्हाताऱ्या बाईंच्या रूपात. त्यांनी ‘का सोडलंस’ असं विचारलंच नाही. लहान मुलांच्या वर्गाची हजेरीची वही हातात दिली आणि म्हणाल्या, “रविवारी नऊला ये, खडू मी आणते.”

तुम्ही १३ ते १५ हे तीनच अध्याय आधी वाचा, एका बैठकीत. मग थेट तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवटचा अध्याय. काही अभ्यासक ते पत्र पौलाचं मानत नाहीत, मी मानतो. तुरुंगातला पौल लिहितोय: हिवाळ्याआधी ये, त्रोवसला राहिलेला झगा आण, पुस्तकं आण. आणि मार्कला सोबत घेऊन ये, तो माझ्या उपयोगाचा आहे.